गाडीची दुरुस्ती, न मिळणारे पार्ट आणि पार्किंगमधला बोअरचा नळ

अ-३०२ (सकाळी ६.५०)
सोसायटीच्या ग्रुपवरील सर्वांना नमस्कार. गेले चाळीस दिवस माझी गाडी पार्किंगमध्ये कमी आणि गॅरेजमध्ये जास्त होती. तिघा-चौघांनी जिन्यात थांबवून विचारपूस केली, त्या सर्वांना एकदाच सविस्तर सांगतो. आपल्या इमारतीतल्या बऱ्याच गाड्यांची वॉरंटी केव्हाच संपलेली आहे, त्यामुळे माझ्यावर जे गुदरले ते उद्या कोणावरही गुदरू शकते. गॅरेजचे किंवा दुकानाचे नाव मी लिहिणार नाही, कृपया ते विचारू नये.

गाडी डिझेलची, दहा वर्षांची. एप्रिलमध्ये नांदेडला जाताना वसमतच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढला. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दिली आणि कशीबशी परत आणली. मिस्त्रींनी बॉनेट उघडले, दोन मिनिटे पाहिले आणि थर्मोस्टॅट (इंजिनच्या गरम पाण्याची वाट उघडणारी झडप) अडकत असल्याचे सांगून तो बदलला. खर्च चौदाशे रुपये. गावातल्या गावात फिरत होतो तोवर सगळे ठीक वाटले. पुन्हा हायवेला लागलो तेव्हा काटा पुन्हा चढला. आता वॉटर पंप, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप, बदलावा लागेल असे ठरले, आणि खरा मनस्ताप तिथून सुरू झाला.

पंप आपल्या परभणीत नव्हता. नांदेडच्या दुकानाने संभाजीनगरला विचारायला सांगितले, संभाजीनगरच्या दुकानाने आठ दिवसांनी चौकशी करा म्हटले, आणि शेवटी पुण्याच्या एका दुकानदाराने पैसे आगाऊ घेऊन पार्सल रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पाठवले. पहाटे पाच वाजता मी स्वतः जाऊन ते उतरवून घेतले. बसवायला घेतल्यावर लक्षात आले, की बोल्टची छिद्रे तंतोतंत जुळतात, पण पुलीची बाजू जवळजवळ अर्धा सेंटीमीटर पुढे येते आणि पट्टा सरळ रेषेत राहत नाही. त्याच वर्षी कंपनीने मध्येच पंप बदलला होता, हे नंतर कळले. दुकानदाराने माझ्याकडून फक्त मॉडेल आणि साल विचारले होते, चॅसी नंबर (प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख क्रमांक) विचारलाच नव्हता, आणि तो आपण होऊन द्यावा हे मलाही सुचले नाही. पार्ट परत घ्यायची वेळ आली तेव्हा ‘एकदा बोल्ट लावलेला पार्ट आम्ही घेत नाही’ हे उत्तर मिळाले. तीन हजार आठशे रुपये गेले. दुसरा पंप नऊ दिवसांनी आला, तो मजुरीसह बावन्नशे रुपयांना पडला, आणि तो बसवल्यावरही काटा चढतच राहिला.

यानंतर हेड गॅस्केट (इंजिनच्या वरच्या भागाखालचे, म्हणजे हेडखालचे सील) गेले असावे, हेड उघडावे लागेल आणि वीस हजार धरून चाला, असे सांगण्यात आले. ‘असावे’ या शब्दावर मी थांबलो. ब-१०४ यांनी सुचवलेल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गाडी ओढून नेली. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. इंजिन चालू ठेवून तापमान मोजायची बंदूक रेडिएटरवर, म्हणजे इंजिनचे पाणी थंड करणाऱ्या जाळीवर, वरपासून खालपर्यंत फिरवली आणि मला आकडे दाखवले. वरचा भाग कढत आणि खालचा जवळपास एक तृतीयांश भाग गार, म्हणजे तिथून पाणी फिरतच नव्हते. रेडिएटर काढल्यावर नळ्यांच्या तोंडाशी पांढरा थर दिसला, आपल्या गिझरच्या कॉइलवर बसतो तसाच. त्यांनी विचारले, ‘सर, यात बोअरचे पाणी कोणी टाकले?’

ते मीच टाकले होते. मागच्या उन्हाळ्यात एक होज गळत होता, तेव्हा महिनाभर मी पार्किंगच्या नळाचे पाणी भरत होतो. रेडिएटर आणि कूलंट मिळून सत्त्याहत्तरशे रुपये लागले. आधीचे दहा हजार चारशे रुपये ज्या दोषावर खर्च झाले, तो दोष गाडीत नव्हताच. दहा मिनिटांची तपासणी पहिल्याच दिवशी झाली असती तर ते वाचले असते. पैशापेक्षाही मला याचे अधिक वाईट वाटते, की तीन वेळा कोणीतरी काहीतरी सांगितले आणि एकदाही मोजून पाहिले नाही.

ब-१०४ (सकाळी ७.२५)
सर, आपण फार उपयोगाचे लिहिले आहे. आपल्या भागातले बोअरचे पाणी जड आहे. त्यातले क्षार पाणी तापले की वेगळे होऊन धातूवर बसतात, आणि रेडिएटरच्या नळ्या इतक्या बारीक असतात की थोडा थरही पुरतो. कूलंटचे काम फक्त थंड ठेवणे नसून गंज रोखणे आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणे हेही असते. ते मिसळायचे झाल्यास क्षारविरहित पाण्यातच मिसळावे, साधारण निम्मे-निम्मे, किंवा तयार मिश्रणच आणावे. रस्त्यात अडचण आली आणि नाइलाजाने साधे पाणी भरावे लागले, तर घरी पोहोचल्यावर ते सगळे काढून टाकावे. गरम इंजिनवर रेडिएटरचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. आत दाब असतो आणि तोंडावर उकळते पाणी येते.

पण मिस्त्रींच्या बाजूनेही एक सांगतो. आता गाडीत सेन्सर आणि कंट्रोल युनिट आले आहेत. साधा स्कॅनर दोषाचा कोड दाखवतो, त्यापुढची माहिती आणि वायरिंगचे नकाशे कंपनीच्या वर्कशॉपकडेच असतात. रस्त्यावरच्या गॅरेजवाल्याला ते कोणी देत नाही. मग तो अंदाजाने एकेक पार्ट बदलत जातो, आणि त्या अंदाजाचे पैसे आपण देतो.

ब-४०३ (सकाळी ७.४०)
दादा, स्कॅनरचे कारण सरांच्या गाडीला लागू होत नाही. रेडिएटर हाताने चाचपूनही गार-गरम कळला असता. अंदाजाचे पैसे गिऱ्हाइकाने का द्यावेत, हा माझा प्रश्न आहे. डॉक्टरांनी तीन वेगवेगळ्या आजारांची औषधे दिली तर आपण चौथ्या वेळी तिथे जात नाही.

माझा अनुभव मोठ्या वर्कशॉपचा आहे. मी एकटी गाडी घेऊन गेले, ब्रेकचा आवाज येतो एवढेच सांगितले, आणि पॅड, डिस्क, कॅलिपर असा सगळाच अंदाजपत्रकाचा कागद हातात आला. जुने पॅड दाखवा म्हटले तर ‘मॅडम, ग्राहकांना आत परवानगी नाही’ असे ऐकवले. काढलेले पार्ट पिशवीत घालून गाडीत ठेवा, असे मी जॉब कार्डवर (कामाची नोंद असलेल्या कागदावर) लिहून घेतले तेव्हा डिस्क आणि कॅलिपर बदलण्याची गरज आपोआप संपली. सोसायटीतल्या सर्व भगिनींना माझी विनंती आहे, की गाडी देण्याआधी जॉब कार्डवर ही एक ओळ लिहून घ्या आणि मगच सही करा.

क-२०१ (सकाळी ८.१०)
सर्वांना माहीत आहे की मोंढ्याजवळचे आमचे सुट्या भागांचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे, त्यामुळे दुकानदाराची बाजू मांडण्याची परवानगी घेतो.

ब्रेक पॅड, फिल्टर, क्लच प्लेट, बुश, लिंक रॉड, व्हील बेअरिंग हा माल आम्ही ठेवतो, कारण तो महिन्याभरात विकला जातो. एखाद्या डिझेल मॉडेलचा वॉटर पंप वर्षातून एकदा विचारला जातो. तो घेऊन ठेवला तर पैसा अडकतो, आणि मॉडेल बंद पडले की माल तसाच पडून राहतो. वरचा वितरक परत घेत नाही. संभाजीनगरजवळ वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, त्याच्या आसपास पार्ट बनवणारे कितीतरी कारखाने उभे राहिले, तरीही मला संभाजीनगरऐवजी पुण्याकडे पाहावे लागते. लोक याचे नवल करतात. कारखान्यातला माल आधी गाड्या जोडण्याच्या लाइनवर जातो, उरलेला कंपनीच्या मोठ्या गोदामात जातो, आणि तिथून वितरकामार्फत फिरत आमच्यापर्यंत येतो. कारखाना जवळ असला म्हणून पार्ट जवळ येत नाही.

दुसरी गोष्ट पार्टच्या प्रकाराची. गाडीची कंपनी बहुतेक पार्ट स्वतः बनवत नाही. तोच पुरवठादार एक माल कंपनीच्या डब्यात देतो आणि दुसरा स्वतःच्या नावाच्या डब्यात बाजारात विकतो. हा दुसरा माल अनेकदा बराच स्वस्त असतो आणि तो बिनधास्त वापरावा. तिसरा प्रकार लोकल. रबरी मॅट किंवा वायपर लोकल घेतला तर बिघडत नाही. पण ब्रेक, स्टिअरिंग, लोअर आर्म आणि टायमिंग बेल्ट यांत लोकल माल मी माझ्या भावाच्या गाडीला लावणार नाही. चौथा प्रकार नकली डब्याचा, आणि तो ऑइल फिल्टरमध्ये फार आहे. बाहेरून छपाई तशीच असते, आतला कागद मात्र हलका असतो.

सरांनी लिहिलेला चॅसी नंबरचा मुद्दा सर्वांनी लक्षात ठेवावा. आरसी बुकवर तो १७ अक्षरांचा असतो. त्याचा फोटो पाठवल्यास आम्ही नेमका पार्ट नंबर काढू शकतो, आणि चूक झालीच तर ती आमची ठरते. फक्त ‘अमुक गाडी, अमुक साल’ एवढ्यावर कोणताही दुकानदार जबाबदारी घेणार नाही. पुण्याच्या दुकानदाराने तो विचारायला हवा होता, हे मी व्यवसायातला असूनही मान्य करतो.

क-३०४ (सकाळी ८.३०)
दुकानदार पक्के बिल देत नाहीत, ही माझी तक्रार आहे. चिठ्ठीवर आकडा लिहून देतात, आणि मग परत करायला गेल्यावर तीच चिठ्ठी ओळखत नाहीत.

क-२०१ (सकाळी ८.४०)
काका, बिल मागणाऱ्याला मी बिल देतोच. पण ‘टॅक्स कशाला लावता, बिल नको’ असे म्हणणारे गिऱ्हाईक दिवसातून दहा येतात, त्यात आपल्या इमारतीतलेही आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बहुतेकांवर २८ टक्के होता. तेवढे अठरा टक्के वाचवण्यासाठी आपण तक्रारीचा आधारच सोडून देतो.

अ-१०१ (सकाळी ९.१५)
मी वकिलीच्या अंगाने थोडे लिहिते.

ब-१०४ यांनी मांडलेला माहिती अडवून ठेवण्याचा प्रश्न यापूर्वी भारतीय स्पर्धा आयोगापुढे गेलेला आहे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ मोटार उत्पादकांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला, तो याच कारणासाठी की सुटे भाग आणि दोष शोधण्याची साधने खुल्या बाजारात मिळू दिली जात नव्हती. केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी नाकारू नये, असेही त्या आदेशात होते. प्रकरण पुढे अपिलात गेले. तरीही ही माहिती खुली असावी या मागणीमागे एवढा मोठा विचार आधीच झालेला आहे, हे माहीत असावे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राईट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू केले, त्यात मोटारगाड्या आणि शेतीची अवजारे दोन्ही आहेत. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती एका ठिकाणी मिळावी हा त्याचा हेतू आहे.

तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथे मराठीत बोलता येते. त्याने काम झाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. वस्तू किंवा सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास तिथे शुल्क लागत नाही आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. मात्र सर, आपल्या प्रकरणात मी आपल्याला विचारीन, की पहिल्या मिस्त्रींनी काय निदान केले हे कुठे लिहिलेले आहे का?

अ-३०२ (सकाळी ९.२०)
नाही ताई. एकही कागद नाही. पंपाचे पैसे फोनवरून पाठवले त्याची नोंद तेवढी आहे.

अ-१०१ (सकाळी ९.३०)
मग मी आपल्याला आयोगात जाण्याचा सल्ला देणार नाही. तेवढ्या नोंदीने पैसे दिले हे सिद्ध होईल, चुकीचा पार्ट दिला हे सिद्ध करणे अवघड जाईल. पुढच्या वेळी मिस्त्रींना व्हॉट्सॲपवर ‘आपण सांगितल्याप्रमाणे अमुक दोषासाठी अमुक पार्ट बदलत आहोत’ एवढा संदेश पाठवून ठेवावा. त्यांनी ‘हो’ म्हटले तरी पुरेसे आहे.

ब-४०३ (सकाळी ९.४५)
विम्याबाबत एक भर. अपघाताच्या दाव्यात साध्या पॉलिसीवर प्लास्टिक, रबर, टायर आणि बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के घसारा कापला जातो, काचेवर काही कापत नाहीत, आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे कापतात. पाच वर्षांवरील गाडीला ४० टक्के आणि दहा वर्षांवरील गाडीला ५०. माझ्या बंपरच्या वेळी अर्धे पैसे खिशातून गेले तेव्हा हे समजले. नूतनीकरणाच्या वेळी एजंटला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, मिळेल का, हे आवर्जून विचारावे.

सचिव (सकाळी १०.०५)
सर, आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटते. पार्किंगच्या नळावर ‘हे पाणी रेडिएटर व बॅटरीत भरू नये’ अशी पाटी आज संध्याकाळपर्यंत लावून घेतो. वॉचमनलाही समजावून सांगतो, कारण गाड्या धुताना काही जण त्यालाच पाणी भरायला सांगतात. सोसायटीच्या खर्चातून क्षारविरहित पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन वॉचमनच्या खोलीत ठेवण्यास कोणाची हरकत असल्यास कळवावे.

क-३०४ (सकाळी १०.१०)
हरकत नाही. कॅनवर तारीख लिहावी आणि रिकामा झाला की ज्याने संपवला त्याने सांगावे.

अ-३०२ (सकाळी १०.२०)
आभारी आहे. चुकीचा आलेला पंप माझ्याकडे तसाच पडून आहे, त्यावर फक्त बोल्टचे व्रण आहेत. क-२०१, त्याच्या डब्यावरचा पार्ट नंबर मी आपल्याला वेगळा पाठवतो. ज्या गाडीला तो बसतो तिचा मालक कोणी आपल्या दुकानात आला, तर त्याला नऊ दिवस थांबावे लागणार नाही. किंमत काय ती आपण ठरवावी.