पैसा नको म्हणे, बलुतेदारी आणा!

लक्ष्मीपुरीकर: कालपासून तीन ग्रुपवर एकच पोस्ट आलीय. '1971 ला अमेरिकेचे अध्यक्ष निक्सननं डॉलरची सोन्याशी असलेली गाठ सोडली, तेव्हापासून नोट म्हणजे नुसता कागद. बँका हवेतनं पैसा काढतात. उपाय एकच, गावगाड्याकडं परत चला. बलुतेदारीत रोकड नव्हती म्हणून कर्जही नव्हतं.' लिहिणारे साहेब इथंच आहेत, म्हणून इथंच उत्तर देतो.

बँकांचं बरोबर आहे. कर्ज देताना बँक तुमच्या खात्यावर आकडा मांडते आणि तीच नवी ठेव होते. बँक ऑफ इंग्लंडनं 2014 ला हे स्वतः लिहून दिलंय. पण बलुतेदारी?

माझा आजा न्हावी. पन्हाळ्याकडच्या गावात वर्षभर घरोघर दाढ्या करायच्या आणि सुगीला खळ्यावर पोतं घेऊन उभं राहायचं. मालकाच्या मनाला येईल तेवढं बैतं, म्हणजे मजुरीचं धान्य. बांधावर काही वाजलं असेल तर त्या साली दोन सुपं कमी. कर्ज नव्हतं म्हणे! आख्खा माणूसच गहाण होता. शेवटी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत येऊन खुर्ची मांडली. चार आणे ठेवले की गिऱ्हाईक उठलं, विषय संपला. पहिल्या दिवशीची नाणी आजीनं तीनदा मोजली होती, हे आमच्या घरात अजून सांगतात. शाहू महाराजांनी 1918 ला महार वतन, म्हणजे पिढीजात गावकीची सक्ती, मोडलं, दलित गंगाराम कांबळेंच्या हॉटेलात जाऊन चहा घेतला, ते काय हौस म्हणून?

मुक्त_रुपया: पोस्ट माझीच. बलुतेदारीचं उदाहरण चुकलं असेल, पण तुम्ही तेवढंच धरून बसलात. ऑस्ट्रियात व्योर्गल नावाचं गाव आहे. 1932 च्या मंदीत नगरपालिकेनं पैशासारख्या चालणाऱ्या स्वतःच्या पावत्या काढल्या. दर महिन्याला पावतीच्या किमतीच्या 1 टक्क्याचं तिकीट विकत घेऊन चिकटवायचं, नाहीतर पावती चालणार नाही. मग कोण दाबून ठेवतंय? रस्ते झाले, हातांना काम मिळालं. 1933 ला तिथल्या मध्यवर्ती बँकेनं बंद पाडलं. स्वित्झर्लंडमध्ये 1934 पासून व्यापाऱ्यांचं आपसातलं 'विर' नावाचं चलन चालू आहे. कोल्हापुरात का नको?

सही_कुणाची: कारण नोटा काढायचा हक्क कायद्यानं रिझर्व्ह बँकेचा. एक रुपयाची तेवढी केंद्र सरकारची, तिच्यावर अर्थसचिवांची सही असते. बघा खिशातली.

मुक्त_रुपया: एक रुपयाची नोट कुणाच्या खिशात असते ओ?

उसाचं_बिल: तुमचं व्योर्गल ऱ्हावू दे बाजूला. आमच्याकडं बिनपैशाचा कारभार कवाचा सुरू हाय. जानेवारीत ऊस गेला, बिल मे म्हैन्यात. कायद्यात 14 दिवस, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. ते व्याज मी डोळ्यानं बघितलं न्हाई. सोसायटीच्या कर्जाचं मीटर मात्र एक दिवस थांबलं न्हाई. वर काट्यावर टनामागं किती गेलं ते देव जाणे.

चिटबॉयचा_भाऊ: काटा सगळीकडं मारत नाहीत, उगाच बोलू नका. साखर विकल्याशिवाय कारखाना पैसे आणणार कुठनं? 2019 ला साखरेचा किमान भाव 31 रुपये किलो ठरवला. पण एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला तेव्हाच्या 275 वरनं 2024-25 ला 340 वर गेली. गणित तुम्हीच घाला.

उसाचं_बिल: गणित आमालाच? कारखान्यातल्या तुमच्या भावाचा पगार थकला तर बायकोला काय साखर चाटवतो का?

चिटबॉयचा_भाऊ: चार महिने थकलाय. म्हणून तर बोलतोय.

उसाचं_बिल: ...बरं. ते म्हाईत न्हवतं.

भिशीवाल्या_काकी: भांडा भांडा. नोटबंदीत आमच्या बारा जणींच्या भिशीतले पैसे एका रात्रीत रद्दी झाले. 14 नोव्हेंबरला जिल्हा बँकांना जुन्या नोटा घ्यायला बंदी घातली आणि माझं खातं नेमकं तिथंच. महिनाभर कोपऱ्यावरच्या दुकानदाराच्या वहीवर घर चाललं. ती वहीच आमचं नाणं होती. तेव्हा या मुक्त रुपयावाल्याला अगदीच खुळ्यात काढू नका.

लक्ष्मीपुरीकर: काकी, वही तुमच्यासाठी उघडली, कारण दुकानदार तुम्हाला वीस वर्षं ओळखतो. बीडहून आलेल्या ऊसतोड टोळीतल्या बाईसाठी उघडली असती का? खिशातल्या पाचशेच्या नोटेला कुणी गाव विचारत नाही.

भिशीवाल्या_काकी: नसती उघडली. हे खरं बोललास बाळा. पण त्या महिन्यात तिची नोट तरी कुठं चालत होती?

उसाचं_बिल: टोळीचं नाव काढू नका. दोन सालामागं मुकादम पाच लाखांची उचल, म्हंजे आगाऊ मजुरी, घिऊन गेला, त्यो गेलाच.

मुक्त_रुपया: आणि टोळीतल्या बाईची उचल फिटेपर्यंत तिला दुसरीकडं जाता येतं का? रोख पैसाच दिलाय की तिला! लक्ष्मीपुरीकर, तुमच्या चार आण्यांनी आजा सुटला, मान्य. बलुतेदारीची ओळ काढतो, तुमच्या आजोबांना नमस्कार सांगा. पण या बाईला तीच नोट बांधून घालते, त्याचं काय करू?

लक्ष्मीपुरीकर: आजा 1994 ला गेला. ओळ काढलीत, उपकार झाले. बाईचं खरं आहे, उत्तर माझ्याकडं नाही. पण तुमच्या तिकीट लावलेल्या पावतीकडंही नाही.

सही_कुणाची: कुणाकडंच एक रुपयाची नोट नाही का?

उसाचं_बिल: सभासदांची साखर आलीया. दहा किलो जास्त हाय, कुणाला पायजे असंल तर सांगा. रोख द्यायचं, पावती चालणार न्हाई.