माथ्यावरची वाडी खाली आणली तर बिघडलं काय?

धायरीवाला वेल्हेकर
परवा वाडीवर बैठक झाली. सव्वीस उंबऱ्यांची आमची वाडी माथ्यावरून उचलून खाली रस्त्यालगतच्या गायरानात आणायची का, एवढाच विषय. मी 'आणा' म्हणालो, तर सख्ख्या चुलत्याने चारचौघांत मला 'पुण्याचा एजंट' म्हटलं. म्हणून इथे विचारतोय.

वेल्हे तालुका (आता राजगड म्हणायचं), तोरण्याची मागची बाजू. पावसाळ्यात चार महिने वाडी ढगात असते, आणि एप्रिलमध्ये बायका डवऱ्यातून, म्हणजे झऱ्याच्या खड्ड्यातून, वाटीने पाणी उपसतात. एका हंड्याला वीस मिनिटं. कातळावर पडलेला पाऊस थांबत नाही, सरळ धरणात जातो. लाइट गेली की आठवडा. रेंज खिंडीत, तीही एका ठरावीक दगडावर. मुक्कामी एसटी २०२१ च्या संपात बंद झाली, ती परत वर आलीच नाही.

मागच्या श्रावणात आत्याला फुरसं चावलं. चौघांनी घोंगडीच्या झोळीत घालून खाली आणली, निसरड्या वाटेने दोन तास. १०८ रस्त्यावर उभीच होती. जिथवर येता येतं तिथवर ती आली, तिचा दोष नाही. आत्या वाचली, पायाची दोन बोटं गेली.

लग्नाचं तर बोलूच नये. तिशी ओलांडलेले सात जण आहेत. मुलीचा बाप गाडी खाली लावतो, चढ बघतो आणि तिथूनच 'पत्रिका जुळत नाही' म्हणून फोन करतो.

शेती वर राहू दे, घरं खाली आणा. यात चूक काय?

खाचरातला
दादा, तू शनिवारी दुपारी आलास आन् रविवारी सकाळी गेलास, तेवढ्यात वाडी हलवलीस. आता माझं ऐक.

शिमग्याच्या पुढं राब भाजायचा, म्हंजे भाताचं रोप टाकायची जागा भाजून घ्यायची. शेण, कवळं (तोडलेल्या फांद्या), पातेरा, वर माती. रोहिणीत पेरा, आषाढात आवणी, म्हंजे लावणी. त्या पंधरा-वीस दिवसांत माणूस उजाडायच्या आत चिखलात असतो. दाढ (भाताची रोपं) उपटायची एकाची, लावायची दुसऱ्याची, सावडीनं सगळी वाडी एकेका खाचरात. दीड तास चढून यायचं, दिवसभर वाकायचं आन् अंधारात घसरत उतरायचं, हे तू करशील? भात पोटरीला आलं की रानडुकरं. तेव्हा खाचराकडच्या माळ्यावर झोपावं लागतं, डबे वाजवत. गोठा खाली गेला तर शेण वर कोण नेणार? शेण नाही तर राब नाही, राब नाही तर दाढ नाही.

घर खाली गेलं की दोन वर्षांत वरकस (उताराची नाचणी-वरईची जमीन) पडीक, चार वर्षांत खाचरं पडीक.  पडीक दिसलं की एजंट येतो. शेजारची वाडी अशीच उतरली ना? आता तिथं तारेचं कुंपण हाय, गेटला कुलूप हाय आन् आपल्या देवाला जायची वाट आतून जाते. नाना तुला एजंट म्हणाले ते रागानं. पण एजंटचं काम तू फुकटात करतोयस.

आणि वरून पडलेलं पाणी धरणात जातं म्हणालास. पुढं कुठं जातं ते पण लिही की. तुमच्याच नळाला येतं.

धायरीवाला वेल्हेकर
आमच्या सोसायटीत टँकर येतो रे. दिवसाआड.

ढगातली वाट
मी कोथरूडची, दर पावसाळ्यात तिकडे ट्रेकला येते. चुलीवरची भाकरी, ती शांतता, ती माणसं... प्लीज गाव हलवू नका. आम्हाला शहरात हे कुठे मिळणार?

माहेर मुळशी
ताई, भाकरी गोड लागली हे बरंच झालं. पण त्या चुलीपुढे बसणाऱ्या बाईचे डोळे कधी बघितलेत का? तुमची शांतता टिकावी म्हणून तिने वर राहायचं, असं होतंय हे.

आता धागाकर्त्याला एक विचारते. बैठकीला बायका किती होत्या?

धायरीवाला वेल्हेकर
...चहा करत होत्या.

माहेर मुळशी
वाटलंच. माझी आई असती तर उद्याच खाली उतरली असती. गुडघे झऱ्याच्या वाटेवर गेले तिचे. पण 'खाली' म्हणणाऱ्यांना तिने आधी विचारलं असतं, नवं घर कोणाच्या नावावर? वरचं घर पडकं असलं तरी त्यातून तिला कोणी उठवू शकत नव्हतं. खाली प्लॉट मुलाच्या नावावर, आणि मुलगा तुमच्यासारखा धायरीला. मग ती तिथे पाहुणीच.

डिंभ्याकडचा
मी आंबेगावचा, म्हणून थोडं वेगळं सांगतो. तुम्ही सगळे 'खाली' हा शब्द 'सुखरूप' या अर्थाने वापरताय. माळीण माथ्यावर नव्हतं, डोंगराच्या कुशीत खाली होतं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर आला आणि १५१ माणसं गेली. बाहेर कळलं ते एसटीच्या चालकामुळे. गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नाही. नवं गाव आमड्याला बांधलं, एप्रिल २०१७ मध्ये घरं ताब्यात दिली. घरं चांगली होती, पण त्याच जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात रस्ते आणि भराव खचले.

तुमचं गायरान कड्याखाली आहे का? पाणी कुठून उतरतं? भूवैज्ञानिकाने बघितलंय? नसेल तर बैठक पुन्हा घ्या. आमच्याकडे जमिनीला भेग पडली तर म्हातारी माणसं गुरं सोडून देतात आणि बाहेर निजतात. ती वाडी हलवा म्हणाली असती तर मी लगेच ऐकलं असतं. मुलीच्या बापाला चढ दिसला म्हणून हलवू नका.

खडू-फळा
वीस वर्षं डोंगरी भागात शिकवलं. तुमच्या वाडीवर शाळा असेल तर पट किती?

धायरीवाला वेल्हेकर
चार. त्यातली दोन माझ्या चुलतभावाची.

खडू-फळा
मग ऐका. वाडी खाली नाही आली तरी शाळा खाली जाईल. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढायची चर्चा झाली, तेव्हा उदाहरण म्हणून तुमच्याच बाजूच्या पानशेतचं नाव घेत होते. पानशेतची शाळा मी पाहिली आहे, चांगली आहे. पण सहा वर्षांचं पोर आवणीच्या दिवसात ओढा ओलांडून गाडीपर्यंत येणार कसं? शाळा गेली की तरुण जोडपं जातं, मग उरलेल्यांसाठी बैठक घ्यायचीही गरज पडत नाही. खाचरातल्या भाऊंचं शेतीचं म्हणणं खरं आहे, पण या प्रश्नावर ते गप्प आहेत.

खाचरातला
गप्प नाही सर. पोरगी यंदा पहिलीला हाय. तिला आज्जीकडं नसरापूरला ठेवायचं चाललंय. लिहायला जड गेलं म्हणून लिहिलं नाही.

निवृत्त भाऊसाहेब
तलाठी होतो, म्हणून कोरडं बोलतो. गायरानावर घरं बांधू असं बैठकीत ठरवून काही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर १२ जुलै २०११ चा शासन निर्णय आहे, त्यानंतर गायरान असं सहज सुटत नाही. तेव्हा दोघं भाऊ ज्या जागेवरून भांडताय, ती जागा अजून तुमची नाही.

दुसरं, शेतजमीन बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय विकता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ त्यासाठीच आहे. पण घेणारा कुठूनतरी शेतकरी असल्याचा कागद आणतो, हे मी नोकरीत इतक्यांदा पाहिलंय की त्या कलमावर विसंबून झोपू नका.

तिसरं, देवाची वाट. पूर्वापार वहिवाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. कुंपण कधी पडलं?

खाचरातला
दिवाळीच्या पुढं. पाचवा महिना चालू हाय.

निवृत्त भाऊसाहेब
मग इथे काय बसलाय?

धायरीवाला वेल्हेकर
घरं खालीच यावीत, माझं मत अजून तेच आहे. आत्याची झोळी मी धरली होती. पण गायरानाचं मला माहीत नव्हतं आणि कड्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आणि हो, पुढची बैठक चहाच्या आधी.

भावा, सोमवारी रजा टाकतो. अर्ज तू लिहिणार की मी?

खाचरातला
तू लिही, तुझं अक्षर बरं. मी नानाला घेऊन येतो, वाटेचं त्यांना सगळं पाठ हाय. सातबारा आन् गावनकाशाची नक्कल घे. मागच्या वेळी नकाशा नव्हता म्हणून परत पाठवलं होतं. दहाच्या आत ये, दुपारनंतर साहेब सापडत नाय.