मुलीच्या पाळीबद्दल खात्रीची माहिती नेमकी कुठे वाचायची?

डिचोलीची_आई
नमस्कार. माझी मुलगी 14 वर्षांची, नववीत. पाळी सुरू होऊन दोन वर्षं होत आली, कधी 35 दिवसांनी येते कधी 43. गणेश चवथीच्या आधी पोटात दुखतं म्हणून सोनोग्राफी केली तर रिपोर्टात ओव्हरीज (अंडाशय) किंचित मोठ्या, बरेच छोटे फॉलिकल्स म्हणजे बीजाच्या पिशव्या, आणि खाली पीसीओडीची शक्यता असं लिहून आलं. ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी वजन कमी करा म्हणून सांगितलं आणि गोळ्या लिहून दिल्या, पुढचा पेशंट आत. अहो पोर काडीसारखी आहे, वजन कुठलं कमी करायचं? घरी सासूबाई म्हणतात लग्न झालं की सगळं सरळ होतं. नेटवर शोधलं तर इन्स्टावर एक बाई, कमेंटमध्ये 'हार्मोन' लिहा म्हणते, लिहिलं की मेसेज येतो, तीन महिन्यांची पावडर आणि डाएट प्लॅन. डॉक्टरकडे परत जाणारच आहे, तेव्हा तेवढंच सांगू नका. पण जायच्या आधी मला नीट वाचून जायचंय, काय विचारायचं ते तरी कळायला हवं. कुठे वाचू? मराठीत असेल तर उत्तम.

निवृत्त_सिस्टर
गे बाय, आधी घाबरू नको. मी स्त्रीरोग विभागात नर्स होते. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष तर गोंधळाचंच असतं, त्यानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत 21 ते 45 दिवसांचं चक्र चालतं, मोठ्या बायकांचं 21 ते 35. म्हणजे तुझ्या लेकीचे 43 दिवस त्यात बसतात. दुसरं, पीसीओएस म्हणजे तुझ्या रिपोर्टातलं पीसीओडीच, हार्मोन बिघडून पाळी अनियमित होते तो त्रास; त्याची जी आंतरराष्ट्रीय गाइडलाइन 2023 साली आली त्यात स्पष्ट लिहिलंय की या वयात सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवायचं नाही, एएमएच नावाच्या, ओव्हरीतल्या हार्मोनच्या रक्ततपासणीवरूनही नाही. कारण वाढत्या मुलींच्या ओव्हरीत असे फॉलिकल्स एरवीही दिसतात. या वयात दोन्ही गोष्टी लागतात, पाळी खरंच अनियमित असणं आणि पुरुषी हार्मोन जास्त असल्याची खूण, म्हणजे चेहऱ्यावर जाड केस, खूप पिंपल्स किंवा तसा रक्ताचा रिपोर्ट. त्यातही आधी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (दूध येण्याचं हार्मोन) रक्तात बघून घ्यायचं असतं. गोळ्या कसल्या आहेत ते बघ आणि कशासाठी दिल्या ते तोंडावर विचार, विचारायला लाजायचं काय त्यात. एक मात्र लक्षात ठेव, 90 दिवस पाळी आली नाही किंवा तासाला पॅड भिजायला लागला तर नेटवर वाचत बसू नको, उठ आणि जा.

पेडण्याचा_फार्मासिस्ट
पावडरवाल्या बाईबद्दल. आपल्याकडे 1954 चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्यात बायकांच्या पाळीच्या तक्रारी बऱ्या करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच बंदी आहे. म्हणून हे लोक औषध म्हणतच नाहीत, 'वेलनेस', 'सपोर्ट', 'बॅलन्स' असले शब्द वापरतात आणि फूड सप्लिमेंट म्हणून विकतात. डब्यावरचा एफएसएसएआयचा 14 आकडी नंबर बघून लोक माझ्या काउंटरवर म्हणतात, सरकारमान्य आहे ना! तो खाद्यपदार्थाच्या धंद्याचा परवाना, त्याने पाळी सुधारते असं कोणी तपासलेलं नसतं. आणि कोणी स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या साइटवर इंडियन मेडिकल रजिस्टर आहे, नाव टाकून बघा. आयुर्वेद, होमिओपॅथीवाल्यांची रजिस्टरं वेगळी असतात, तिथे नाव नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका.

जुनं_ते_सोनं
आमच्या वेळी कुठे होतं हे पीसीओडी? बाहेरचं खाणं आणि मोबाईल, दुसरं काही नाही.

फोंड्याची_पीसीओएसवाली
होतं काका, 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथाल या दोन डॉक्टरांनी पेपर लिहिलाय त्यावर. तुमच्या वेळी बायका बोलत नव्हत्या एवढंच.

ताई, मला स्वतःला पीसीओएस आहे आणि माझं बरोबर उलटं झालं, हनुवटीवर केस, पाळी चार चार महिने गायब, आणि सगळे म्हणत राहिले वयात असं होतंच. डब्ल्यूएचओच्या पानावर लिहिलंय की हे असलेल्या बायकांपैकी 70 टक्क्यांपर्यंत बायकांना माहीतच नसतं. तेव्हा 'नॉर्मल आहे' हेसुद्धा तपासून घ्यायचं.

वाचायला डब्ल्यूएचओ, ब्रिटनचं एनएचएस आणि अमेरिकेचं मेडलाइनप्लस, तिन्ही सरकारी नाहीतर सार्वजनिक संस्थांची, पानाखाली काही विकायला नसतं आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख असते. तारीख नसलेलं पान मी बंदच करते. सिस्टर म्हणाल्या त्या गाइडलाइनवर मोनॅश युनिव्हर्सिटीने आस्कपीसीओएस नावाचं फ्री ॲप काढलंय, त्यात डॉक्टरांना काय विचारायचं तेही मिळतं. भारतातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना फॉग्सी, त्यांच्या साइटवरही आहे पण ते डॉक्टरांसाठी, जड जातं. चॅटबॉटला विचारलंत तर कुठून सांगतोस ते विचारा आणि ते पान स्वतः उघडा, कधी कधी तसं पानच नसतं 😅

मराठीत चांगलं खूप कमी आहे, खोटं कशाला बोलू. मी आईसाठी इंग्रजी पान ब्राउझरमध्ये मराठी करून देते, आकडे आणि औषधांची नावं मात्र मूळ पानावर बघते, तिथे गडबड होते.

निवृत्त_सिस्टर
मराठीत समोरासमोर हवं असेल तर सरकारी आरोग्य केंद्रात विचार, 10 ते 19 वयाच्या मुलामुलींसाठी किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे 2014 पासून. मुलीला एकटीला बोलू दे थोडा वेळ, आई बसलेली असली की पोरी अर्धंच सांगतात.

डिचोलीची_आई
खूप खूप आभार सगळ्यांचे. गोळ्यांचं नाव बघितलं, मेटफॉर्मिन आहे, डायबिटीसला देतात ती. रक्ताची एकही तपासणी केलेली नाही. सोमवारी बांबोळीला जीएमसीत, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात नेते. सोनोग्राफीचा रिपोर्ट मोबाईलवर फोटो आहे तो चालेल का?

निवृत्त_सिस्टर
ओरिजिनल ने, फिल्मसकट. गोळ्यांची स्ट्रिप पण ने आणि पाळीच्या तारखा आठवतील तेवढ्या कागदावर लिहून ठेव, पहिला प्रश्न तोच येतो. सकाळी लवकर पोच, केस पेपरला रांग असते.