समुद्र गोठून झालेल्या बर्फाला 'हिमनग' म्हणायचं का?

अनुवादिका : विज्ञानविषयक एक लेख मराठीत आणते आहे. ध्रुवीय समुद्रावर पूर्वी किती बर्फ असायचा, ते समुद्रतळाच्या गाळावरून कसं ओळखतात, असा विषय. उपग्रहांची सलग नोंद १९७८च्या अखेरीपासूनची. त्याआधीचं जाणायला असलं काहीतरी हुडकावंच लागतं. मी सगळीकडे 'सागरी बर्फ' लिहिलं होतं. संपादकांनी 'रुळलेला शब्द वापरा' म्हणून त्याचं 'हिमनग' केलं. त्यामुळे एक वाक्य आता असं झालंय : 'हिमनगाच्या तळाशी वाढणारी सूक्ष्म शेवाळं वसंतात बर्फ वितळला की समुद्रतळाशी जातात.' हे मला सही करून देववत नाही. नेमका शब्द सुचवा. आणि 'प्रॉक्सी'ला, म्हणजे थेट मोजता येत नाही त्याऐवजी जे मोजतात त्याला, काय लिहू?

जुनापोथी : संपादकांची बाजू थोडी समजून घ्या. वाचकाला हिमनग माहीत आहे. 'सागरी बर्फ' म्हटलं की समुद्रात तरंगणारा कुठलाही बर्फ, त्यात हिमनग आलाच की.

दगडमाती : नाही, इथे गल्लत नको. हिमनग जमिनीवरच्या हिमनदीचा तुटलेला कडा. त्याचं पाणी गोडं. सागरी बर्फ म्हणजे खारं पाणीच उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं तो. गोठताना मीठ बाहेर ढकललं जातं, बर्फात खाऱ्या पाण्याच्या बारीक नळ्या राहतात आणि त्या नळ्यांत डायाटम ही सूक्ष्म, एकपेशीय शेवाळं वाढतात. आर्क्टिकमधल्या त्यांच्या काही मोजक्या जाती २५ कार्बन-अणूंचा एक विशिष्ट रेणू बनवतात. त्याला 'आयपी २५' म्हणतात, २००७मध्ये तो या कामासाठी पुढे आला. गाळात तो सापडला की वर मोसमी बर्फ होता असं समजतात. हिमनगाशी त्याचा संबंध नाही.

उलट हिमनग आपल्या पोटात जमिनीवरची वाळू, खडे घेऊन निघतो आणि वितळेल तिथे टाकतो. खोल समुद्रातल्या मऊ चिखलात मधेच भरड खड्यांचा थर दिसला तर तो त्याचा माग. उत्तर अटलांटिकमधल्या अशा थरांवर हाइनरिख या भूवैज्ञानिकांनी १९८८मध्ये लिहिलं, म्हणून ते त्यांच्या नावाने ओळखले जातात. गाळाने हे दोन बर्फ वेगळे ठेवले आहेत. भाषेने ते एक केले तर लेखच कोसळेल.

शब्दवेल्हाळ : हिमनगातला 'नग' मी लहानपणापासून डझनातला नग समजत होतो. हिमाचा एक सुटा नग. तुमच्या 'तुटलेला कडा'शी ते जुळतंही!

जुनापोथी : नग म्हणजे पर्वत. न गच्छति, जो जागचा हलत नाही तो.

शब्दवेल्हाळ : पण हिमनग तर वाहत जातो. मग न हलणारा कसा?

जुनापोथी : आकारावरून पर्वत म्हटलं, चालीवरून नव्हे. मला खरी अडचण 'बर्फ' या शब्दाची आहे. फारसी आहे तो. आपल्याकडे 'हिम' असताना 'सागरहिम' का नको? हिमनदी, हिमनग, सागरहिम, एक कुळ होईल.

अनुवादिका : हवा, जमीन, दर्या यांना आपण कधी बाहेर काढलं? आणि 'हिम' म्हटलं की मला आभाळातून पडणारं डोळ्यांपुढे येतं. हिमवर्षाव म्हणतो आपण. हिमनदी हिम साचून, दबून होते, म्हणून तिचं नाव अगदी बरोबर. तिच्यातून निघालेल्या हिमनगाचंही. पाणी गोठून जे होतं त्याला घरीदारी बर्फच म्हणतात. हे लिहितानाच लक्षात आलं, की हा भेद मराठीत आधीपासून आहे! मग मी 'बर्फ' का सोडू?

जुनापोथी : 'हिम'चा मूळ अर्थ थंडी, हिवाळा. वेदांत 'शतं हिमाः' म्हणजे शंभर हिवाळे. हेमंत त्यातलाच. आकाशातून पडण्याची अट तुम्ही आता घालता आहात.

दगडमाती : आज वाचणाऱ्याच्या मनात जे उमटतं ते धरायचं, वेदात काय होतं ते नव्हे.

जुनापोथी : असं म्हणत गेलो तर 'सेडिमेंट'साठीचा 'अवसाद'ही गेला. तुम्ही लोक 'गाळ' लिहिता. नाल्यातल्या गाळाला आणि हजारो वर्षांच्या निक्षेपाला एकच शब्द?

दगडमाती : हो, एकच, कारण क्रिया एकच. 'अवसाद' ऐकून अर्ध्या वाचकांना खिन्नता आठवते.

शब्दवेल्हाळ : इथे मला फार सुंदर काही दिसतंय. अवसादातला 'सद्' म्हणजे बसणे. उपनिषद, संसद यांतला. 'सेडिमेंट'चं लॅटिन मूळही बसणे, आणि ते याच 'सद्'चं भावंड. मराठीत आपण 'गाळ बसतो' म्हणतो. तिन्ही भाषांनी त्याला खाली बसतानाच पाहिलं.

अनुवादिका : हे लेखात घालणार! पण 'प्रॉक्सी' राहिलं. 'निदर्शक' चालेल? की 'अप्रत्यक्ष पुरावा'?

दगडमाती : 'पुरावा' जरा जड. आयपी २५ नसला तर दोन्ही शक्य : वर बर्फच नव्हता, किंवा बारमाही इतका जाड होता की खाली उजेड पोचला नाही. म्हणून सोबत खुल्या पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म शेवाळांचा, म्हणजे प्लवकांचा, रेणूही मोजतात. 'खूण' म्हणा. खूण चुकू शकते.

जुनापोथी : खूण बोलीतली. 'निदर्शक'च हवा. आणि डायाटमला 'करंडक' असा जुना शब्द आहे, तो तरी वापरा. एक अर्धा दुसऱ्यावर झाकणासारखा बसतो, करंड्यासारखा.

शब्दवेल्हाळ : करंडक! किती नेमका. पण मग त्यांच्या एकूण गटाला काय म्हणायचं, शेवाळ की शैवल? आणि तळाशी बसलेल्या गाळाला रसायनशास्त्रात आम्ही 'साका' म्हणायचो, तो कुठून आला?

दगडमाती : साका वेगळा. तो द्रावणातून वेगळा होऊन बसतो, गाळ नुसता वाहून येतो.

जुनापोथी : समुद्रतळावर दोन्ही असतं. मग त्याला काय म्हणाल?