म्हणे शंभर वर्षांतून एकदा! मग २१२३ पर्यंत झोपा निवांत

कन्हानकाठी:
नागपुरातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरून राहिली आहे: "२३ सप्टेंबर २०२३ चा पूर शंभर वर्षांतून एकदा येणारा होता. आपल्या हयातीत आता नाही. नाग नदीकाठचे फ्लॅट घ्यायची हीच वेळ." खाली अंगठ्यांची रांग. राहवलं नाही म्हणून लिहितो.

शंभर वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता, काल येऊन गेला तरी पुढच्या वर्षी तेवढीच. ३० वर्षांचं गृहकर्ज धरा. तेवढ्या काळात तो एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के. पूररेषेच्या नकाशातल्या निळ्या रेषेचा, म्हणजे २५ वर्षांचा पूर धरला तर ७१ टक्के. (शंभर वर्षांची ती लाल रेषा.) आणि हे गणित तरी कधी खरं? पाऊस आणि पाणलोट जुन्या नोंदींतल्यासारखेच राहिले तर. लाव्हा-वाडीपासून अंबाझरी तलावापर्यंत उघडी माती किती उरली ते सांगा. मुरणारं पाणी आता सरळ धावत येतं. पाऊस तोच, पूर मोठा.

शिवाय नाग एकटी नाही. पिवळी आहे, पोरा आहे, मधले नाले, पुढे कन्हान. कोणाचा लोंढा कोणाच्या आधी पोचतो यावर पाणी किती चढेल ते ठरतं. ऑगस्ट २०२० ला पेंच धरणाची दारं उघडली तेव्हा कन्हानकाठच्या गावांनी काय भोगलं, विसरलात?

इतवारीवाला:
लय मोठं गणित बाप्पा. १९९४ च्या जुलैत नागपुरात एका दिवसात ३०४ मिलिमीटर पडला होता. २०२३ ला त्याचा तिसरा हिस्सा. मग एवढी घरं कायले बुडली? अंबाझरीच्या सांडव्यापुढं बांधकामं करून ठेवली म्हणून. तिथल्या विवेकानंद स्मारकाचं प्रकरण हायकोर्टात उगाच गेलं का? पुराचा अंदाज काढणारं मॉडेल-बिडेल सगळं कन्सल्टंटचं पोट भराले.

कन्हानकाठी:
३०४ हा दिवसभराचा आकडा. २०२३ चे शंभरावर मिलिमीटर पडले मध्यरात्रीनंतरच्या काही तासांत. नागेसारख्या आखूड नदीला दिवसाचा आकडा काय कामाचा? तासाचा लागतो. तुम्ही माझाच मुद्दा मांडून मलाच सुनावताय.

डागा लेआउट:
दोघंही थांबा. त्या पहाटे आम्ही आईला खुर्चीसकट जिन्यावरून वर नेलं. खाली फ्रिज आडवा तरंगत होता. गाडीच्या क्लेमला विमावाले विचारतात, पाण्यात इंजिन चालू केलं होतं का! घर घेताना बिल्डर म्हणाला होता, पूररेषेच्या बाहेर आहे, कागद दाखवतो. तो कागद अजून यायचाय.

बेसा रोड:
पूररेषा सोडा, सिमेंट रोडचं बोला. आमच्या ओट्यापेक्षा रोड दीड फूट उंच केला. नदी नाही, नाला नाही, अर्धा तास पाऊस आला की घरात पाणी. जुना रोड खोदायचा सोडून त्यावरच थर चढवतात.

त्रिमूर्तीनगर:
झालं सुरू. डांबरी रोडवर दर पावसाळ्यात खड्डे पडायचे तेव्हा हेच लोक बोंबलत होते. आता गुळगुळीत रोड मिळाला तर तोही खुपतो.

बेसा रोड:
तुमचं घर पहिल्या मजल्यावर असेल. या एकदा आमच्याकडं, गटरचं पाणी मोरीतून उलटं येताना दाखवतो. चहाही तिथंच पाजतो.

त्रिमूर्तीनगर:
घराचं जोतं, म्हणजे प्लिंथ, कमी ठेवून पैसे तुम्हीच वाचवले असतील. खापर रोडवर.

बेसा रोड:
वडिलांनी बांधलेलं घर आहे. तोंड सांभाळून बोला.

कन्हानकाठी:
अरे, विषय नदीचा आहे! पण बेसावाल्यांचं एक खरं, नाइलाजानं म्हणतो. निळी-लाल रेषा नदीच्या पुराची असते. पाणी नदीपर्यंत पोचायच्या आधीच गल्लीत तुंबतं, ते त्या नकाशात नसतं. रेषेबाहेर म्हणजे कोरडं, असं नाही.

बेसा रोड:
मंडळ आभारी आहे. आता रोड खाली करून देता?

मोवाडचा:
मी मोवाडचा, नरखेड तालुक्यातलं गाव. ३० जुलै १९९१, वर्धा नदीचा पूर. दोनशेवर माणसं गेली. वरचे छोटे बांध फुटले आणि गावाला सावरायला वेळच मिळाला नाही. आमच्याकडचे म्हातारे म्हणायचे, एवढं पाणी इथवर कधी आलं नाही. तो त्यांचा अंदाज होता, आणि आख्खं गाव त्याच भरवशावर होतं. वरच्या बांधांचं काय, हा प्रश्न तुमच्यापैकी एकानंही काढला नाही. प्लिंथवर भांडून राहिले.

इतवारीवाला:
बरं, तासाचा आकडा मान्य. करा मोठ्या अक्षरात प्रिंट. त्यानं सांडव्यापुढचं बांधकाम एक वीत तरी हललं तर मले कळवा. दरवर्षी उन्हाळ्यात नदी सफाई होते, गाळ काठावरच ठेवतात आणि जूनमध्ये तो परत आत.

कन्हानकाठी:
बांधकाम हलवा म्हणायला कोर्टात किती पाणी येणार हे आधी सांगावं लागतं, भाऊ. ते मॉडेलच सांगतं.

इतवारीवाला:
अन् मॉडेल चुकलं तर तारीख पे तारीख.

निवांत_गुंतवणूक:
ती पोस्ट माझी. इतकं कशाला तापता? फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहेत, तिथवर पाणी जातं का?

डागा लेआउट:
पार्किंग कुठं आहे?

निवांत_गुंतवणूक:
बेसमेंटला. लिफ्टची मशीन, मीटर, पाण्याचा पंप, सगळं खाली व्यवस्थित केलंय.

बेसा रोड:
समोरचा रोड सिमेंटचा झाला की व्हायचाय?