मदत हवी आहे: गिटारवर एफ कॉर्ड लागत नाही, दोष बोटांचा की गिटारचा?

नमस्कार मंडळी,

गिटार अगदी शून्यापासून शिकते आहे आणि एका जागी अडकले आहे. वाजवणाऱ्यांनी जरा मार्गदर्शन करावं ही विनंती.

थोडी पार्श्वभूमी सांगते. लहानपणी पेटी शिकले होते, त्यामुळे सुरांची ओळख आहे. गायला आवडतं, माझी पट्टी काळी चार. गिटार मावसभावाची आहे, स्टीलच्या तारांची, बरीच वर्षं कोणी न वाजवता पडून होती. तारा नव्या चढवून घेतल्या. रोज ट्यूनरवर ई, ए, डी, जी, बी, ई अशा जुळवून मगच बसते. शिकवायला कोणी नाही, व्हिडिओ बघूनच चाललं आहे.

ई मायनर, ए मायनर, सी आणि जी हे कॉर्ड (एकत्र वाजवायचे सूरसमूह) आता स्वच्छ वाजतात. एकेक तार छेडून पाहिली तरी प्रत्येकीचा सूर येतो. पण एफ आला की सगळं अडतं. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या म्हणतात, त्यातल्या दोन तरी मुक्या राहतात, आणि जोर लावला की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बोटांची टोकं दुखतात त्याबद्दल तक्रार नाही, घट्टे पडेपर्यंत ते सोसायचं हे ठाऊक आहे. ही कळ मात्र गिटार खाली ठेवली तरी बराच वेळ जात नाही.

गिटार आडवी धरून पाहिली तर बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) तारा बऱ्याच वर दिसतात. पण ताडून पाहायला दुसरी गिटार नाही, त्यामुळे हे इतकंच असतं की जास्त आहे ते कळायला मार्ग नाही.

तर विचारायचं हे की, दोष माझ्या हाताचा आहे की गिटारचा, हे घरच्या घरी कसं ओळखायचं? एफ येईपर्यंत पुढे जाताच येणार नाही का? सगळे सोपे धडे सी पट्टीत असतात आणि तिथे एफ हमखास येतोच. आणि कॉर्ड बदलताना उजवा हात डाव्यासाठी थांबतो, लय तुटते, त्यावर काय करावं? गाताना स्वतःच्या हाताने साथ करता यावी अशी फार वर्षांची इच्छा आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

आधी दुखण्याचं बोलू. टोकं दुखणं चालतं. अंगठ्याच्या मुळाशी किंवा मनगटात कळ, बोटांना मुंग्या, हे चालत नाही. ती कळ पूर्ण जाईपर्यंत एफला हात लावू नका, आणि विश्रांती घेऊनही राहिली तर डॉक्टरांना दाखवा. दाबून दाबून सवय होईल असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आता तपासणी. एक कॅपो (सगळ्या तारा एकाच फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) मिळवा, पहिल्या फ्रेटवर लावा आणि एफचाच आकार एक फ्रेट पुढे सरकवून धरून पाहा. एकदम सोपा झाला, तर दोष गिटारचा आहे, आणि तोही बहुतेक नटचा. नट म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची ती खाचांची पट्टी. खाचा उथळ असल्या की तारा तिथेच उंच राहतात. पहिला फ्रेट नटला लागून, त्यामुळे तार खाली आणायला सगळ्यात जास्त जोर नेमका तिथेच लागतो. एफ नवख्यांना छळतो त्यातलं निम्मं कारण हे आहे. कॅपो लावला की नटचा संबंधच उरत नाही, म्हणून ही परीक्षा विश्वासाची.

खात्री करायची तर तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या वर किती फट राहते ते पाहा. जेमतेम कागद जाईल एवढीच हवी. मग बाराव्या फ्रेटवर पट्टीने मोजा: फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत जाड सहाव्या तारेला साधारण अडीच मिलिमीटर, बारीक पहिल्या तारेला दोन. तीन-साडेतीनच्या वर असेल तर नवख्याने त्यावर शिकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. गिटार दुरुस्त करणाऱ्याकडून सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरेची जुळणी, करून घ्या. नटच्या खाचा घरी घासायला जाऊ नका. खाच थोडी जरी खोल गेली तरी मोकळी तार पहिल्या फ्रेटवर झणझणते आणि नट भरून घ्यावा किंवा बदलावा लागतो.

सेटअप होईपर्यंतचा उपाय: सहाही तारा दोन-दोन फ्रेटने उतरवा (ई ची डी, ए ची जी, याप्रमाणे) आणि कॅपो दुसऱ्या फ्रेटवर लावा. सूर नेहमीचेच राहतात, पण तारांवरचा ताण सुमारे २० टक्के कमी होतो आणि नटही वगळला जातो. हाताला फरक लगेच जाणवेल.

आणि एफबद्दल एक गोष्ट बऱ्याच व्हिडिओंत राहून जाते. पहिल्या बोटाला सहा तारा दाबायच्या नसतातच. तिसरी तार मधलं बोट दाबतं, पाचवी अनामिका, चौथी करंगळी. आडव्या बोटाच्या वाट्याला फक्त पहिली, दुसरी आणि सहावी उरतात. बोट सपाट न टाकता अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करा, तिथे हाड लागतं. फ्रेटच्या धातूला अगदी खेटून ठेवा. कळ गेल्यावर हाच आकार पाचव्या फ्रेटवर बसवा (तिथे तो ए होतो) आणि जमेल तसा एकेक फ्रेट खाली आणा. एफपासून सुरुवात करणं म्हणजे सगळ्यात अवघड टोकापासून सुरुवात.

प्रतिसाद २

वरच्या सल्ल्याशी सहमत. मी फक्त लयीबद्दल लिहितो.

उजवा हात कधीही थांबवू नका. तबलजी ठेका धरून असतो, गवई चुकला म्हणून तो थांबत नाही, तसा उजवा हात खाली-वर चालूच राहू द्या. डावा वेळेवर पोचला नाही तर मोकळ्या तारा वाजतील, वाजू द्या. कॉर्ड मागाहून सुधारतो, थांबायची सवय लागली तर ती मोडताना फार त्रास होतो.

बदल मात्र जोडीजोडीने घोटा. ए मायनर आणि सी घ्या. दोन्हीत पहिलं बोट दुसऱ्या तारेवर पहिल्या फ्रेटला, मधलं चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला. ही दोन्ही उचलायचीच नाहीत. फक्त अनामिका तिसऱ्या तारेवरून उठते आणि पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला जाते. नवखे लोक तिन्ही बोटं उचलून नव्याने मांडतात, वेळ तिथे जातो. जी आणि ई मायनरमध्येही असंच आहे: पहिलं बोट पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला तसंच ठेवता येतं. मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, एका कॉर्डला चार ठोके, चौथ्या ठोक्यावर हात निघाला पाहिजे. ६० ला घाई होत असेल तर ५०.

रोज थोडं बसा, पण बसा. आठवड्यातून एकदा दोन तास घासून बोटं सोलवटून घेण्यात काही हशील नाही.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार!

कॅपो आणून पाहिलं. पहिल्या फ्रेटवर लावून एफचा आकार हळूच धरला, जोर न लावता, आणि पाच तारा बोलल्या! फक्त दुसरी थोडी दबकी राहिली. बाराव्या फ्रेटवर सहावी तार जवळजवळ चार मिलिमीटर वर भरली. म्हणजे शंका खरी होती. खूप हायसं वाटलं. गिटार दुरुस्तीला देणार आहे, तोवर तारा उतरवून ठेवल्या आहेत. कळ पूर्ण गेल्याशिवाय एफ पुन्हा धरणार नाही.

आता एकच उरलं. काळी चारमध्ये गायचं तर कोणते कॉर्ड वाजवू? कोष्टकात पाहिलं तर त्या पट्टीत सगळे आडव्या बोटाचेच दिसतात.

प्रतिसाद १

चार मिलिमीटर! मग हाताला दोष देऊच नका.

काळी चारची काळजी करू नका, उलट ती तुमच्या सोयीची आहे. काळी चार म्हणजे जी शार्प. पांढरी पाच म्हणजे जी, आणि दोन्हींत एकाच फ्रेटचं अंतर. म्हणून कॅपो पहिल्या फ्रेटवर लावा आणि जीचे आकार वाजवा: जी, सी, डी, ई मायनर. जो सूर निघेल तो काळी चारचा. तुम्ही पेटी वाजवली आहे म्हणून त्या भाषेत सांगतो. जी हा तुमचा सा, सी हा म, डी हा प. या तिघांवर कितीतरी गाण्यांची साथ होते. सी पट्टीत मच्या जागी एफ येतो म्हणून तो तुम्हाला सारखा आडवा येत होता. जी धरलात की मच्या जागी सी, जो तुम्हाला येतोच. यादीत डी नव्हता, तेवढा शिकून घ्या, तीन बोटांचा आहे.

सध्या तारा दोन फ्रेटने उतरवलेल्या आहेत, तेव्हा आत्ता कॅपो पहिल्याऐवजी तिसऱ्या फ्रेटवर लावावा लागेल. कॅपो लावल्यावर ट्यूनर पुन्हा एकदा पाहा, कॅपोच्या दाबाने तारा किंचित चढतात. खुंटी फिरवताना सूर नेहमी खालून वर आणा, वरून खाली उतरवून सोडलेली तार लवकर ढिली पडते.

सेटअप होऊन आली की बाराव्या फ्रेटवर पुन्हा मोजा आणि आकडे इथे टाका. नटचं काम केलं का, हेही विचारून घ्या. बरेचदा फक्त ब्रिजकडची सॅडल (तारा खालच्या टोकाला जिच्यावर टेकतात ती पट्टी) खाली करून देतात आणि पहिला फ्रेट तसाच अवघड राहतो.