निकोटिन नसलं तरी

"निकोटिन नसलेलं व्हेप (ई-सिगारेट) म्हणजे नुसती वाफ, त्याचा सर्दी-फ्लूशी काय संबंध?" असं कोणीतरी विचारलंय. मुळात ती वाफ नाहीच. प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन यांचं द्रावण तापवून झालेले ते सूक्ष्म थेंब असतात, आणि प्रश्न तिथेच आहे.

ह्यूस्टनच्या बेलर कॉलेज ऑफ मेडिसिनमध्ये उंदरांना काही महिने हे धुरकं दिलं होतं. २०१९ मध्ये ते संशोधन छापून आलं. निकोटिन अजिबात नसलेल्या गटातही फुप्फुसातल्या मॅक्रोफेज पेशींमध्ये चरबी साठली. जंतू गिळणं हे या पेशींचं काम. नंतर इन्फ्लुएन्झाचा (फ्लूचा) विषाणू दिल्यावर या उंदरांची अवस्था इतरांपेक्षा बरीच वाईट झाली. म्हणजे दोष निकोटिनचा नाही, त्या द्रावणाचाच. अर्थात उंदीर ते उंदीर, माणसात तंतोतंत तसंच होईल असं नाही.

२०२० चा स्टॅनफर्डचा अभ्यास (व्हेप करणाऱ्या तरुणांत कोविडचं निदान पाचपट) सगळे पुढे करतात, पण ती ऑनलाइन प्रश्नावली होती. कारण-परिणाम त्यातून सिद्ध होत नाही. मला उंदरांचा पुरावाच जास्त वजनदार वाटतो.

आणि हो, भारतात ई-सिगारेटच्या विक्रीवर २०१९ पासूनच बंदी आहे. त्यामुळे चोरून मिळणाऱ्या कुपीत नेमकं काय भरलंय, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.